वाव

पूर्णगडच्या मुखाशी तेवीस वर्षं
मी पाण्याची खोली मोजली.
दोरीला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला चरबी,
तळाशी जे असेल ते चिकटून वर यायचं:
वाळू, शिंपल्यांचा चुरा, कधी नुसता काळा चिखल.
मी ओरडायचो, "अडीच वाव!"
सुकाणूवरून हसनमियाँ सोलकर विचारायचा, "पक्कं?"
आणि वहीत तोच लिहायचा. माझं अक्षर वाईट.

आता वही माझी, अक्षरही माझंच.
सकाळी सातला, चहाच्या आधी,
नाकाला चिमटा, दातांत पांढरी नळी,
छाती भरून घ्यायची आणि एका दमात सोडायची.
यंत्राला सगळा श्वास नको असतो.
पहिल्या सेकंदात किती आला,
एवढंच ते विचारतं.

पहिल्या वर्षी दोन पॉइंट चौऱ्याऐंशी.
त्या वर्षी मी गावखडीच्या सुरूबनापर्यंत चालत गेलो,
आणि मागून मंदाकिनीनं हाक मारली, "हळू!"
मला कुणी हळू म्हणावं!

मग दोन पंचावन्न. मग दोन दहा.
ताप नाही, खोकला नाही.
रात्रीतून कुणी घाटीच्या पायऱ्या
वाढवून ठेवाव्यात, तसं.

पुण्याला आत नळी घालून चिमूटभर तुकडा काढला.
तुकड्यात काही सापडलं नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बिघडलंय त्या वाटा
तांदळाच्या कणीएवढ्या. तिथवर नळी जात नाही.
आतून व्रण पडतो, भरतो,
आणि भरता भरता वाटच बुजते.
म्हटलं, समजलं. गोळा खाली गेला,
पण चरबीला काही लागलं नाही.
त्यांनी कागदावरून वर पाहिलं.
मी पुढे बोललो नाही.

मेहुणा आंब्यातला. तो म्हणतो, कलम धरलं नाही.
धरलं होतं, दिगंबर.
चार वर्षं धरलं होतं.

परसातल्या पपनसाला यंदा एकतीस फळं.
आठच्या गोळीचं आणि पपनसाचं वाकडं,
म्हणून सगळी शेजाऱ्यांकडे जातात.
गोळी माझ्याच अंगातल्या राखणदाराला गुंगी देते.
चार वर्षं झाली, तो पाहुण्याला ओळखत नाही.
तसा मीही ओळखत नाही.
नागपूरकडचा, एवढंच एका वॉर्डबॉयच्या तोंडून निसटलं.
त्यानं समुद्र पाहिला होता का?
घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात
मी त्याला मुद्दाम धक्क्यावर नेलं,
मास्क जरा खाली केला,
खारा वारा आत घेतला, म्हटलं, हे आपलं.
वाटलं, होईल ओळख.

गेल्या खेपेला नलू विचारत होती,
दुसऱ्यांदा बसवता येतात का.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी औषध बदलून पाहू,
अजून थोडा वाव आहे.
मी हसलो. त्यांना वाटलं, धीर आला.
वाव म्हणजे दोन्ही हात पसरायचे,
या बोटापासून त्या बोटापर्यंत.
दोरी आम्ही तशीच मोजायचो.
घरी येऊन, दार लोटून, पसरून पाहिले.
डावं बोट कपाटाला लागायच्या आत
दम लागला.

आज एक पॉइंट बासष्ट.
स्वयंपाकघरातून मंदाकिनी: "किती?"
"कालच्याएवढंच," अगदी ओठांवर आलं होतं.

हसनमियाँ एकदाच माझ्यावर चिडला.
ओहोटीला मी एक वाव ओरडलो, होता अर्धा.
लाँच रुतली. पाणी चढेपर्यंत
वाळूच्या दांड्यावर बसून राहिलो, दोघांत एक विडी.
"कमी असेल तर कमी सांग रे," तो म्हणाला,
"मी वळवतो ना."

"अहो, किती?"

"एक बासष्ट."

आत भांडं वाजायचं थांबलं.
"बरं," ती म्हणाली.
मग थोड्या वेळानं,
"चहा गाळू?"